युयू मंडळीतले सामाजिक न्यायाचे काम: समिती चालवायची कशी? (प्रश्नोत्तरे; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

ओसरी

अमेरिकेतल्या एका युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट (पुढे युयू; ठरावीक पंथमत न लादणारी उदारमतवादी धर्मपरंपरा) मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, सामाजिक न्याय समितीची जबाबदारी येत्या वर्षापासून माझ्याकडे येते आहे. सभासद १६०च्या आसपास, रविवारी प्रत्यक्ष येणारे ७०-८०. समितीत आठ जण. कामांची यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी: अन्नपेढी, हवामानबदल, मतदारनोंदणी, स्थलांतरितांना मदत, कैद्यांना पत्रे, वंशभेदावरचा वाचनगट, शिवाय आणखी चार-पाच. प्रत्येक कामामागे एकच माणूस. तो दमला की काम बंद.

यातून निवडायचे काय आणि कोणत्या निकषावर? समितीने पत्रक काढले तर ते मंडळीच्या नावाने जाऊ शकते का? दर महिन्याच्या एका रविवारी दानथाळीतला अर्धा वाटा बाहेरच्या संस्थेला जातो, त्यात हिशेबाच्या बाजूने काय सांभाळावे? निवडणुकीच्या वर्षात लक्ष्मणरेषा कुठे? आणि 'उपासनेत राजकारण नको' म्हणणारे काही जुने सभासद आहेत. त्यांना मतदानात हरवून मोकळे व्हावे असे वाटत नाही.

गावकुस

यादी वाचूनच दुखणे कळते. ही माणसांच्या आवडीनिवडींची यादी आहे, मंडळीच्या कामाची नव्हे.

पहिले तीन महिने नवीन काहीही हाती घेऊ नका. आठ जणांनी प्रत्येकी पाच सभासदांशी एकेकट्याने बोलायचे, म्हणजे चाळीस भेटी. भेट अर्ध्या ते पाऊण तासाची, समोरासमोर, शक्यतो चर्चच्या इमारतीबाहेर. 'तुम्हाला कोणता सामाजिक प्रश्न महत्त्वाचा वाटतो?' असे विचारायचेच नाही. त्यावर लोक जे वाटायला हवे ते सांगतात, जे वाटते ते नाही. छापील प्रश्नावलीचेही तेच होते. विचारायचे ते असे: घरात, कामावर, मुलांच्या शाळेत सध्या कशाने डोके तापते? कोणाची काळजी वाटते? त्या बाबतीत आधी काही करून पाहिले का? समोर वही उघडायची नाही. घरी येऊन पाच ओळी लिहायच्या. चाळीस भेटींच्या नोंदी एकत्र वाचल्या की दोन-तीन गोष्टी पुन:पुन्हा डोके वर काढतात. कुणाची आई वृद्धाश्रमात, कुणाचे भाडे वर्षात दोनदा वाढलेले.

पुढची पायरी सगळ्यात अवघड: दुखण्यातून मागणी काढणे. 'घरांची टंचाई' हे दुखणे झाले, त्यावर हळहळता येते, बाकी काही नाही. 'घर खाली करण्याच्या खटल्यात गरीब भाडेकरूला शहराने वकील द्यावा आणि पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद करावी' ही मागणी झाली. हो किंवा नाही म्हणणारा माणूस ठाऊक आहे, तारीख ठाऊक आहे. निवडताना चार गोष्टी तपासा. 'हो' म्हणायचा अधिकार नक्की कोणाकडे आहे? ज्यांना झळ बसते त्यांना स्वत:ला हीच मागणी हवी आहे का? सहा ते अठरा महिन्यांत काही पदरात पडेल का? आणि किमान पंचवीस-तीस सभासदांना त्यात करण्याजोगे काही आहे का? शेवटच्या प्रश्नाकडे बहुतेक समित्या काणाडोळा करतात आणि मग आठच जण राबत राहतात.

बाकीची कामे बंद करायला एक साधा नियम पुरतो. तीन माणसे आणि एक बदली माणूस लेखी नाव देत असतील तरच ते समितीचे काम, त्यालाच पैसा आणि बातमीपत्रात जागा. नाहीतर ज्याला हौस त्याने खुशाल करावे, रविवारी चहाच्या वेळी टेबल मांडावे, पण समितीच्या नावावर नाही. तीन नावे गोळा होत नाहीत तेव्हा काय बंद करायचे ते आपोआप ठरते, कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

एकट्या १६० जणांच्या मंडळीला महापौर भेटीची वेळही धड देत नाही. आसपास इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशन, फेथ इन अॅक्शन, गमालिएल किंवा डार्ट यांपैकी कोणाची शाखा आहे का पाहा. या जाळ्यांत चर्च, सिनेगॉग, मशिदी असे अनेक धर्मसमूह वर्गणी भरून सामील होतात आणि अधिकाऱ्यांना शेकडो माणसांसमोर बोलावून नेमका प्रश्न विचारतात. तिथे तुमची पत एकाच गोष्टीवर ठरते: पंचवीस माणसे आणतो म्हटले की पंचवीस आली पाहिजेत. तोंडी 'येतो, येतो' म्हणणाऱ्यांतले साधारण निम्मे येतात असे धरून पन्नास नावे हवीत, आणि आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन. ईमेल नव्हे.

अवांतर: युयूंचा खास रोग म्हणजे ठरावाची भाषा घासत बसणे. स्वल्पविरामावर दोन बैठका जातात आणि ठराव मंजूर झाला की काम झाल्यासारखे वाटते.

खतावणी

पैसा आणि कायदा यांवर लिहितो.

दानथाळी. बोर्डाने (मंडळीच्या कार्यकारिणीने) वर्षाच्या सुरुवातीला बारा संस्था ठरवून मंजूर कराव्यात, आयत्या वेळी नको. प्रत्येकीचा ईआयएन, म्हणजे करओळख क्रमांक, आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याच्या) करमुक्त संस्थांच्या शोधयादीत घालून पाहा. नोंदणी रद्द झालेल्या छोट्या संस्था पुष्कळ असतात, त्यांना स्वत:लाही पत्ता नसतो. संस्था नोंदलेली नसेल तर तिच्या वतीने पैसे स्वीकारणारी नोंदलेली संस्था (आर्थिक पालक संस्था) कोण ते विचारा आणि चेक त्या पालक संस्थेच्या नावाने द्या.

खरा घोळ पुढे होतो. सभासद आपली वार्षिक वर्गणीही त्याच थाळीत टाकतात. वाटायची ती फक्त सुटी रोकड आणि काही न लिहिलेले चेक. 'वर्गणी' लिहिलेला चेक वर्गणीतच जमा. हे आधी जाहीर केले नाही तर खजिनदार आणि समिती यांचे वर्षभर वाजत राहते. त्याच दिवशी, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजून कागदावर सह्या करायच्या. ३० दिवसांत रक्कम रवाना.

'अमक्या कुटुंबाला द्या' म्हणून कोणी पैसे दिले तर त्यावर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. गरजूंसाठी सर्वसाधारण निधी ठेवा, कोणाला किती ते बोर्डाने किंवा त्याने नेमलेल्यांनी ठरवावे आणि कारणाची एक ओळ लिहून ठेवावी. एका वेळी २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणाऱ्याला सवलत घेण्यासाठी लेखी पोच लागते, ती खजिनदाराने न मागता पाठवावी.

आता निवडणूक. करमुक्त ५०१(सी)(३) संस्थेला (धर्मादाय आणि धार्मिक संस्थांचा करकायद्यातला वर्ग, चर्चही त्यातच) उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध प्रचार करता येत नाही. ही बंदी १९५४पासून आहे. २०२५मध्ये एका खटल्यात आयआरएसने प्रवचनापुरती सैल भूमिका घेतली, पण तिच्यावर विसंबून मंडळीचे करमुक्तत्व पणाला लावण्यात शहाणपणा नाही. मतदारनोंदणी चालते, पक्ष न विचारता. उमेदवारांची सभा चालते, सगळ्यांना बोलावून, सारखा वेळ देऊन. मंडळीच्या फेसबुक पानावर समितीच्या उत्साही सभासदाने टाकलेले 'अमक्यांना मत द्या' चालत नाही, आणि बहुतेक वेळा पाय घसरतो तो इथेच. पानाच्या चाव्या दोघांकडेच ठेवा.

कायद्याच्या मसुद्यासाठी आमदारांकडे आग्रह धरणे वेगळे, ते चालते, पण एकूण कामाचा 'मोठा भाग' होता कामा नये. किती म्हणजे मोठा, हे कायद्यात लिहिलेले नाही. १९५५च्या एका निकालात वेळ आणि श्रमाच्या ५ टक्क्यांहून कमी भाग मोठा नव्हे असे न्यायालयाने म्हटले, म्हणून तो आकडा तोंडी फिरतो. इतर संस्थांना खर्चाची ठरावीक मर्यादा निवडण्याची सोय आहे, चर्चला नाही. चर्च करमुक्त संस्थांचे ९९० हे वार्षिक विवरणही आयआरएसकडे भरत नाहीत, म्हणजे उद्या कोणी विचारलेच तर दाखवायला तुमचीच वही. पगारी तास, समितीचे तास, बस, छपाई असे सगळे तारीखवार लिहा. लोकमताला टाकलेला प्रस्ताव, म्हणजे मतपत्रिकेवरचा 'हो की नाही', हा प्रचार नव्हे, तो या कायद्याच्या आग्रहातच मोजतात. पण तिथे राज्याचे निवडणूक-खर्चाचे नियम वेगळे लागू होऊ शकतात, ते आधी बघा.

जुनी पोथी

गावकुस यांच्या पद्धतीशी बऱ्याच अंशी सहमत. एका ठिकाणी मात्र अडते, ते शेवटी लिहिते. आधी मंडळीच्या नावाने कोण बोलू शकते ते.

युयूंमध्ये प्रत्येक मंडळी स्वायत्त. १९६१मध्ये युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट एकत्र येऊन बॉस्टनची मध्यवर्ती संघटना झाली, पण तिच्या वार्षिक महासभेचे ठराव तुमच्या मंडळीला बांधील करत नाहीत. तुमची मिनिस्टर (धर्मोपदेशक) व्यासपीठावरून स्वत:चे मत मोकळेपणाने मांडू शकते, ती तिची मुभा, ते मंडळीचे मत ठरत नाही. समितीला स्वत:च्या नावाने बोलता येते का ते तुमच्या नियमावलीत किंवा बोर्डाच्या धोरणात असले तरच. मंडळीच्या नावाने बोलायचे तर सभासदांचे मतदान हवे.

ही तिसरी वाट धरायची तर एक महिना आधी मसुदा वाटा. मतदानाआधी दोन खुल्या चर्चा घ्या आणि विरोध असणाऱ्यांना एकीचे सूत्रसंचालन द्या. दुरुस्त्या त्या चर्चांतच, मतदानाच्या सभेत नाहीत, नाहीतर गावकुस म्हणतात तो स्वल्पविराम उगवतोच. साधे बहुमत धोक्याचे. दोन तृतीयांश किंवा त्याहून वरचा आकडा नियमावलीत घाला. आणि पत्रकात लिहा: 'उपस्थित ९० सभासदांपैकी ७४ जणांनी मान्य केलेला ठराव.' उरलेल्या सोळांना मग आपले नाव न विचारता वापरले असे वाटत नाही. तुमच्या जुन्या सभासदांचा अर्धा राग याच गोष्टीचा असतो. तातडीच्या वेळी बोर्ड आणि मिनिस्टर यांनी मिळून बोलावे, पण मंडळीने आधी मान्य केलेल्या भूमिकेपुरतेच.

'उपासनेत राजकारण नको' हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण या परंपरेत ते पहिल्यापासून आहे आणि त्याची किंमतही दिसलेली आहे. पळून गेलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा १८५०चा कायदा ज्याच्या सहीने झाला तो राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर युनिटेरियन होता. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये एलन क्राफ्ट या गुलामीतून निसटलेल्या स्त्रीला घरात लपवणारा थिओडोर पार्करही युनिटेरियन मिनिस्टर. दोघेही एकाच परंपरेतले. तेव्हा 'आपली परंपरा नेहमीच न्यायाच्या बाजूने होती' असे कुणी प्रवचनात म्हणाले की जुनी माणसे मनात हसतात, आणि बरोबरच हसतात.

आता अडते ते. झळ बसणाऱ्यांना मागणी हवी आहे का, हे गावकुस यांनी निकषांत दुसरे टाकले. माझ्या मते ते पहिले, आणि नुसता निकष म्हणून पुरत नाही. १९६५मध्ये मतदानहक्काच्या आंदोलनात अलाबामातल्या सेल्माजवळच्या मॅरियन इथे जिमी ली जॅक्सन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली, २६ फेब्रुवारीला तो वारला. देश फारसा हलला नाही. ९ मार्चला सेल्मात गोरे युयू मिनिस्टर जेम्स रीब यांच्यावर हल्ला झाला, ११ला ते गेले, आणि खुद्द राष्ट्राध्यक्षांचा फोन रीब यांच्या पत्नीला गेला. युयू मंडळींत रीब यांचे नाव घेतले जाते तेव्हा जॅक्सनचे घेतले जाते का, एवढे पाहा.

त्याहून मोठा धडा पैशाचा. १९६८च्या महासभेने कृष्णवर्णीय युयूंच्या परिषदेला वर्षाला अडीच लाख डॉलर, चार वर्षे, असे कबूल केले. पैसा कसा वापरायचा ते परिषदच ठरवणार होती. 'आमचा पैसा, मग देखरेख आमची का नको?' यावर फूट पडली, १९६९च्या महासभेत सभात्याग झाला, पुढे तंगीचे कारण देऊन रक्कम कापली आणि कृष्णवर्णीय सभासदांचा मोठा गट कायमचा बाहेर पडला. २०१६मध्ये संघटनेच्या बोर्डाने कृष्णवर्णीय युयूंच्या नव्या संघटनेसाठी ५३ लाख डॉलर कबूल केले, त्याला ही पार्श्वभूमी होती. छोट्या मंडळीतही हेच घडते, फक्त आकडे लहान असतात: भागीदार संस्थेला ३,००० डॉलर कबूल करायचे आणि छप्पर गळाले की पहिली कात्री तिथे. कबूल करायचेच तर दोन वर्षांचे लेखी करा आणि ती ओळ छपराच्या निधीपासून वेगळी ठेवा.

तिसरे, सेवेला कमी लेखू नका. अन्नपेढीवर दर शनिवारी उभा राहणारा सभासदच सांगू शकतो की गेल्या दोन महिन्यांत रांगेत नोकरी असलेले लोक वाढले. मागणी ठरवायला तोच डोळा लागतो.

अवांतर: सेवेची संस्था धर्ममंडळीपासून वेगळी असावी की आत, हा वाद आपल्याकडचाही आहे. विठ्ठल रामजी शिंदे युनिटेरियनांच्या मदतीने १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले आणि परतल्यावर प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. पण १८ ऑक्टोबर १९०६ला मुंबईत त्यांनी काढलेली निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्वतंत्र संस्था होती. अध्यक्ष नारायणराव चंदावरकर, तेही प्रार्थनासमाजाचेच. माणसे बरीचशी तीच, नोंदवही वेगळी.

गावकुस

जुनी पोथी, क्रमाबद्दल मान्य. झळ बसणाऱ्यांची संस्था आधी शोधावी, तिने 'तुम्ही हे करा' म्हटले तर करावे, 'सध्या काही नको, खुर्च्या लावायला या' म्हटले तर खुर्च्या लावाव्यात. सेवेबद्दल मात्र थोडे ताणतो. अन्नपेढीवर दिसलेले समितीपर्यंत पोचायची वाट नसेल तर तो डोळा असून नसून सारखा. महिन्याच्या बैठकीत पहिली दहा मिनिटे फक्त त्यासाठी राखा: या महिन्यात रांगेत नवीन काय दिसले?

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. एक पोटप्रश्न. स्थलांतरितांसाठी काम करणारी एक संस्था आमच्या सभागृहात महिन्यातून दोनदा कायदेशीर मदतीचे शिबिर घेऊ इच्छिते. बोर्डाची भीती: इमिग्रेशनचे अधिकारी दारात आले तर?

उंबरठा

भीती अनाठायी नाही. चर्च, शाळा, रुग्णालये अशा जागी शक्यतो कारवाई टाळावी, असे केंद्राचे धोरण होते. ते जानेवारी २०२५मध्ये मागे घेतले गेले. तरी मालकाच्या संमतीशिवाय खासगी भागात शिरायला न्यायाधीशाचे वॉरंट लागते, ते धोरणावर अवलंबून नव्हते आणि नाही.

म्हणून इमारतीचे दोन भाग करा. रविवारी उघडे असणारे उपासनागृह सार्वजनिक धरले जाऊ शकते. शिबिराची खोली, कार्यालय, बालवर्ग यांच्या दारावर 'खासगी, परवानगीशिवाय प्रवेश नाही' असा फलक आणि शिबिर चालू असताना दार बंद. फलक आहे पण दार सताड उघडे, असे असेल तर फलकाला अर्थ उरत नाही.

दाराशी एकच ठरलेला माणूस, आणि तो आला नाही तर त्याचा बदली. त्याला तीन गोष्टी पाठ हव्यात. पहिली, 'आत यायची संमती द्यायचा मला अधिकार नाही' हे शांतपणे म्हणणे. दुसरी, कागद मागून वाचणे. आय-२०० किंवा आय-२०५ असे फॉर्म इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचे असतात, त्यावर खासगी भागात शिरता येत नाही. न्यायालयाचे नाव, न्यायाधीशाची सही, तुमचाच पत्ता आणि चालू तारीख हे चारही दिसले तर वाट अडवायची नाही, फोटो काढून वकिलाला फोन करायचा. तिसरी, खोटे बोलायचे नाही. 'आत कोणी नाही' असे म्हणणे हाच वेगळा गुन्हा होऊ शकतो. गप्प राहता येते. मागच्या दाराने कोणाला पळवणे, लपवणे हे तर मुळीच नाही.

सगळ्यात जास्त गडबड होते ती भल्या स्वयंसेवकाकडून. अधिकारी दिसले की तोच घाईने दार उघडतो, 'या ना, काय हवे?' म्हणतो, आणि ती संमती धरली जाते. म्हणून दोन-तीन जणांना दाराशी उभे करून, एकाला अधिकारी बनवून, प्रत्यक्ष सराव करून घ्या. नुसता कागद वाटून काही होत नाही.

शिबिरात येणाऱ्यांची नावे मंडळीच्या हजेरीपटावर किंवा वायफायच्या नोंदणीत लिहून घेऊ नका. नोंद ठेवायची ती संस्थेच्या वकिलाने. कायदेशीर सल्ला फक्त वकील किंवा न्याय खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी देईल. तुमच्या सभासदांनी मुले सांभाळावीत, चहा करावा, वकिलाच्या देखरेखीखाली फॉर्म भरावेत. 'तुमची केस सोपी दिसते' असे दिलासा द्यायलासुद्धा बोलू नये.

खतावणी

उंबरठा यांच्या मुद्द्यांना पुरवणी. संस्थेशी लेखी करार हवा, जागा फुकट दिली तरी. तिच्या विमा कंपनीकडून मंडळीचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घातलेले प्रमाणपत्र आधी घ्या. दर वर्षी त्याची मुदत संपते आणि दुसऱ्या वर्षी ते मागायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही, तेव्हा कॅलेंडरवर आताच टाका. मुले सांभाळणार असाल तर तुमच्या रविवारच्या वर्गांना जो नियम तोच इथे: पार्श्वभूमी तपासलेले दोन प्रौढ, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, आणि खोलीच्या दाराला काच. बोर्डाच्या पुढच्या बैठकीत हा करार, विमा आणि दाराशी उभे राहणाऱ्या दोघांची नावे एकाच ठरावात मंजूर करून घेता येतील.